रामानुजन यांच्या चेहऱ्यावरील वण

कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळासमोरील सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. २००३ सालापासून ते स्मारक म्हणून जतन केलेले असून, गावात येणारा पाहुणा कुंभेश्वराचे दर्शन आटोपले की बहुधा इकडे वळतो आणि एवढ्याशा घरात एवढे गणित कोठून आले असावे, या विचारात परत जातो. माझ्या मनात त्या घरापाशी एक निराळाच प्रश्न येतो. १८८९ च्या डिसेंबरात दोन वर्षांच्या रामानुजनला देवी आल्या. त्या सुमारास तंजावर जिल्ह्यात देवीने सुमारे ४ हजार माणसे दगावली. हा मुलगा वाचला. परंतु चेहऱ्यावरचे वण पुढे मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांवर कारकुनी करताना आणि त्यानंतर केंब्रिजमध्ये हार्डींच्या सहवासात असतानाही त्याच्यासोबत राहिले. ज्या विषाणूने हे वण उमटविले, त्याने त्या कोवळ्या देहात नेमके काय केले होते?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या लोकांनी फार पूर्वीच देऊन ठेवले होते. तमिळ माणूस या रोगास ‘अम्मै’ म्हणजे आई म्हणतो, आपण ‘देवी’ म्हणतो. दोन्ही भाषांत रोग हा शत्रू नसून घरी आलेली पाहुणी आहे. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवळाची आख्यायिका तर आपल्याच राजघराण्याशी जोडलेली आहे. व्यंकोजी महाराजांच्या स्वप्नात देवी आली व पुन्नै वृक्षांच्या रानात आपण आहोत असे तिने सांगितले. पुढे तुळजा राजांच्या मुलीची आजाराने गेलेली दृष्टी येथेच परत आली, असे देवळात आजही सांगतात. देवीने डोळे जाणे ही त्या काळी घरोघरची गोष्ट होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या कथेचे मूळ कोठे असावे हे उमगते.

पाहुणी आली की तिचे नियम आले. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावावयाचे, रोग्यास लिंबाच्या पाल्यावर निजवावयाचे, आणि घरात तेलाची फोडणी म्हणून द्यावयाची नाही. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. तिच्या पाठचा भाऊ त्याच साथीत गेला. त्या दिवसांत आपण एकदा विसरून आमटीला फोडणी दिली, एवढ्या एका गोष्टीसाठी तिच्या आईने मरेपर्यंत स्वतःस क्षमा केली नाही, असे आजी सांगत असे. मुलगा देवीने नव्हे, आपल्या हातून गेला, असे त्या माउलीचे मत होते.

दुसरे उत्तर वैद्यकाचे. जेनरने १७९६ साली गोस्तनदेवीची लस टोचून पाहिली आणि १७९८ साली ती प्रसिद्ध केली. बगदाद, बसऱ्यामार्गे ती लस मुंबईस पोहोचली व १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली; तिच्या दंडावरील फोडातून दुसऱ्यास, दुसऱ्यातून तिसऱ्यास, अशी ती हिंदुस्थानभर गेली. १८८० साली कायदाही झाला. लस उपयोगी पडते हे सर्वांस दिसत होते. पण देवीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून सुमारे बारा दिवस माणूस धडधाकट हिंडतो, त्याला ताप नाही की पुरळ नाही, आणि मग एकाएकी सारे अंग पेटते. त्या बारा दिवसांत शरीर गप्प का बसते, याचे उत्तर जेनरजवळ नव्हते आणि त्याच्यामागून शंभर वर्षे ते कोणाजवळही नव्हते.

पहिला धागा टोकियोस सापडला, आणि तोही देवीच्या लशीतच. १९५४ साली नागानो व कोजिमा यांनी लशीचा विषाणू निष्प्रभ करून सशाच्या त्वचेत टोचला, तेव्हा त्या जागी विषाणूस अटकाव करणारे काही द्रव्य निर्माण होते असे त्यांस आढळले. १९५७ साली लंडनजवळ मिल हिल येथे आयझॅक्स व लिंडेनमन यांस कोंबडीच्या अंड्यातील पटलांवर, मृत इन्फ्लुएन्झा विषाणूच्या साहाय्याने, तसेच द्रव्य मिळाले. विषाणूच्या कामात आड येणारे म्हणून त्यांनी त्यास ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले. विषाणू शिरलेली पेशी हे प्रथिन बाहेर सोडते आणि शेजारच्या निरोगी पेशींस सावध करते. ते स्वतः विषाणूस मारीत नाही, ते केवळ निरोप आहे.

निरोप पोहोचतो कसा, हे कळावयास आणखी तीसचाळीस वर्षे लागली. पेशीच्या पटलावर दोन निरनिराळी प्रथिने उभी असतात; त्यांस ग्राही म्हणतात. यांतील पहिल्याचा शोध १९९० साली लागला, दुसऱ्याचा १९९४ साली. इंटरफेरॉन आधी यांपैकी एकास घट्ट धरते. दुसऱ्याशी त्याची पकड फार सैल असते, तथापि पहिल्यास धरून पटलावर स्थिरावलेले इंटरफेरॉन दुसऱ्यासही ओढून घेते आणि दोहोंच्या मध्ये बसते. कुलूप व किल्ली असा दृष्टान्त या बाबतीत नेहमी देतात. मी कचेरीतला माणूस असल्यामुळे मला बिलावरील दोन सह्या अधिक जवळच्या वाटतात. एक सही झाली म्हणून पैसे मिळत नाहीत. दोन्ही सह्या एकाच कागदावर आल्या पाहिजेत. बाहेर हे दोन ग्राही जवळ आले की आत त्यांच्या शेपटांस चिकटलेली ‘जॅक-१’ व ‘टिक-२’ ही विकरे एकमेकांस जागी करतात, ‘स्टॅट’ नावाची प्रथिने तो हुकूम घेऊन केंद्रकात जातात आणि शेकडो जनुके कामास लागतात. मग विषाणू आला तरी त्या पेशीत त्याचा कारखाना सहजी चालत नाही. अल्फा जातीची डझनभर इंटरफेरॉने व बीटा मिळून सर्वजण याच दोन ग्राहींस धरतात; कोणाची पकड घट्ट, कोणाची ढिली, आणि तेवढ्या फरकानेही पेशीचे उत्तर बदलते.

विषाणूची लबाडी या पकडीशीच आहे. १९९५ साली ऑक्सफर्डच्या सायमन्स, अल्कामी व स्मिथ यांनी दाखविले की लशीचा विषाणू स्वतःच एक ग्राही तयार करतो आणि तो पेशीबाहेर सोडून देतो. हा ग्राही खोटा आहे. इंटरफेरॉनला तो धरतो, परंतु त्याला आत शेपूट नाही, जॅक नाही, टिक नाही. धरलेला निरोप पुढे जातच नाही. पुढे असेही दिसून आले की हे खोटे प्रथिन अजून विषाणू न शिरलेल्या पेशींच्या अंगावर जाऊन बसते. म्हणजे टपाल कचेरीच्या दारातच कोणी खोटी खिडकी मांडून बसावे, आणि आलेले प्रत्येक तातडीचे पत्र नम्रपणे स्वीकारून टोपलीत टाकावे, तसा हा प्रकार. पत्र लिहिणाऱ्याने आपले काम चोख केलेले असते. आतील अधिकारी पत्राची वाट पाहत बसलेला असतो. गॅमा इंटरफेरॉनसाठी विषाणूने अशीच दुसरी खिडकी मांडलेली आहे.

खऱ्या देवीच्या विषाणूत हीच युक्ती होती काय? त्याला हात लावण्याची मुभा आज कोणास सहजी मिळत नाही. मात्र १९९३ साली त्याच्या दोन वाणांची संपूर्ण जनुकलिपी प्रसिद्ध झाली होती. सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचा तो मजकूर. त्यातील एक वाण बांगलादेशातील १९७५ चा, आणि दुसरा आपल्याच देशातील रुग्णाचा, ‘इंडिया-१९६७’. या लिपीच्या आधारे खोट्या ग्राहीचे जनुक प्रयोगशाळेत वेगळे वठवून २०१० साली अल्कामींच्या गटाने पाहिले, तेव्हा देवीचे हे प्रथिन मानवी इंटरफेरॉनला घट्ट धरून निकामी करते असे सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खोटी खिडकी एवढ्यानेच देवी जीवघेणी झाली असे मानणे चूक ठरेल, कारण तशीच खिडकी लशीच्या सौम्य विषाणूजवळही आहे. देवीच्या विषाणूजवळ दोनशेच्या आसपास जनुके होती व त्यांतील पुष्कळ अशाच निरनिराळ्या फसवणुकींसाठी होती. तरीही म्युनिकच्या अँटोन मायर यांनी कोंबडीच्या पेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून जो लशीचा वाण तयार केला, त्यातून या दोन्ही खिडक्या गळून पडल्या, आणि तो माणसाच्या देहात वाढूच शकत नाही इतका निरुपद्रवी झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०२२ साली मंकीपॉक्सची साथ जगभर गेली तेव्हा हीच लस कामास आली. त्या विषाणूजवळही इंटरफेरॉन पकडणारे असेच प्रथिन आहे.

सन्निधी रस्त्यावरील त्या घराजवळून जाताना मला आता ते बारा दिवस दिसतात. दोन वर्षांचा मुलगा अंगणात खेळत असेल. त्याच्या पेशी रात्रंदिवस इशारे पाठवीत असतील, आणि ते वाटेत अडविले जात असतील. तरीही काही पोहोचले असले पाहिजेत, कारण तो वाचला. माझ्या आजीच्या भावाचे पोहोचले नाहीत. त्यात फोडणीचा काही संबंध नव्हता. पणजी जाऊन फार वर्षे झाली. हे तिला सांगावयास कोणी उरले नाही. आजीस मी एकदा सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले आणि, “मग तिने उगाच इतकी वर्षे फोडणी सोडली,” एवढेच म्हणाली.

भारतातील शेवटचा देवीचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. १९८० साली रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. विषाणूचे साठे आज अमेरिकेत अटलांटा येथे आणि रशियात सायबेरियातील कोल्त्सोवो येथे, अशा दोनच ठिकाणी कडेकोट बंदोबस्तात आहेत.