गोठवलेला शुक्रद्रव आणि पुढच्या पिढीची प्रत

माशांचा शुक्रद्रव गोठवून वितळवला, की त्याची प्रत बहुधा दोन कसोट्यांवर ठरवतात: किती शुक्राणू पोहतात आणि किती अंडी फळतात. दोन्ही कसोट्या लागतातच. पण शुक्राणूतला डीएनए शाबूत आहे का, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

याचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. ऑस्कर हर्टविग यांनी १९११ च्या सुमारास बेडकाच्या शुक्राणूंवर रेडियमचे किरण सोडले. मात्रा वाढली तशी भ्रूणांची मर वाढली. पण मात्रा आणखी वाढवल्यावर भ्रूण उलट जास्त तगू लागले. पित्याचा डीएनए पुरता निकामी झाला, की अंडे केवळ आईच्या गुणसूत्रांवर वाढते. अर्धवट तुटलेला डीएनए मात्र वाढीत घोळ घालतो. माशांतही असेच होते. अतिनील किरणांनी डीएनए मारलेल्या शुक्राणूनेही अंडे फळते, पेशी विभागतात, आणि एकेरी गुणसूत्रसंचाचे ते आखूड, विकृत भ्रूण उबवणीच्या आसपास मरतात. पहिली विभाजने आईने अंड्यात साठवलेल्या सामग्रीवर चालतात. झेब्राफिशच्या भ्रूणाची स्वतःची जनुके सुमारे तीन तासांनी, दहाव्या विभाजनाच्या सुमारास, खऱ्या अर्थाने कामाला लागतात. त्याआधी फलन मोजले, तर पित्याच्या जनुकांची परीक्षा झालेलीच नसते.

गोठवण्यातली इजा अशीच अर्धवट असते, म्हणून ती अधिक सावधपणे तपासायला हवी. डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा मिथेनॉलसारखे संरक्षक मिसळून शुक्रद्रव स्ट्रॉ म्हणजे बारीक नळ्यांमध्ये भरतात, द्रव नायट्रोजनच्या वाफेत थंड करतात आणि उणे १९६ अंशांवर साठवतात. धोका साठवणीत फारसा नाही. तो गोठताना आणि वितळताना आहे. बर्फाचे स्फटिक, क्षारांची बदलती तीव्रता आणि क्रियाशील ऑक्सिजन यांनी पेशीपटल फाटते, डीएनएचे धागे तुटतात. हे तुटणे कॉमेट चाचणीत डोळ्यांनी दिसते. जेलमध्ये बसवलेल्या शुक्राणूंतून वीजप्रवाह सोडला, की शाबूत केंद्रक गोल ठिपक्यासारखे राहते आणि तुटलेल्यातून शेपूट ओघळते. शुक्रद्रव काढतानाची हयगयही महागात पडते. नराचे पोट दाबताना त्यात मूत्र मिसळले, तर गोड्या पाण्यातल्या बऱ्याच जातींचे शुक्राणू तिथेच पोहू लागतात आणि मिनिटभरात त्यांची शक्ती संपते.

शुक्राणू स्वतःचा डीएनए दुरुस्त करू शकत नाही. ते काम अंडे करते. ट्राउटवरच्या प्रयोगांत अंड्याची ही दुरुस्ती रसायनाने रोखली, तेव्हा गोठवलेल्या शुक्राणूंपासूनच्या भ्रूणांची मर वाढली. म्हणजे फार पिकलेली, शिळी अंडी वापरून गोठवण्याला दोष देणे चूक, आणि उत्तम अंड्यांच्या जोरावर गोठवण्याला निर्दोष ठरवणेही चूक. जगलेल्या पिलांतही काही जनुकांची क्रिया आणि टेलोमेरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांची, लांबी बदललेली आढळली आहे.

जनुकांची क्रिया ठरवणाऱ्या, डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सस्तन प्राण्यांत फलनानंतर या खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जातात. झेब्राफिशमध्ये उलट, पित्याच्या खुणा टिकतात आणि आईकडून आलेला डीएनए त्यांच्याशी जुळवून घेतो. अशा माशात गोठवण्याने खुणा बदलल्या, तर त्या भ्रूणापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त. शुक्राणूतल्या डीएनएची बांधणीही जातीगणिक वेगळी: ट्राउटमध्ये तो प्रोटामाइन या प्रथिनांवर घट्ट बसतो, झेब्राफिशमध्ये हिस्टोन प्रथिनांवरच राहतो. एका जातीची कृती दुसरीला तशीच लावणे म्हणूनच गैर आहे.

जनुकपेढीच्या पातळीवर आणखी एक नुकसान संभवते. सगळ्या नरांचा शुक्रद्रव सारखा गोठत नाही. ज्यांचा चांगला गोठतो तेच नर वापरले, तर नकळत निवड होते आणि विविधता आटते. नॉर्वेने १९८६ पासून रानटी सॅमनचा शुक्रद्रव साठवला आहे. सह्याद्रीतल्या नद्यांच्या महसीरवरही भारतात असे प्रयोग झाले आहेत. दोन्हीकडे नरांची संख्या आणि त्यांची वंशनोंद ही स्ट्रॉच्या संख्येइतकीच मोलाची.

माशाचे अंडे मोठे आणि पिवळ्या बलकाने भरलेले असल्याने ते अजून शुक्राणूसारखे गोठवून साठवता येत नाही. एखाद्या जातीच्या माद्याच उरल्या नाहीत, तर जवळच्या जातीच्या अंड्यातला डीएनए किरणांनी मारून केवळ शुक्राणूच्या गुणसूत्रांवर मासा घडवण्याचा मार्ग उरतो. तिथे आईच्या गुणसूत्रांचा आधार नसतो आणि शुक्राणूतली प्रत दुप्पट केलेली असते. जो दोष दुरुस्त झाला नाही, तो त्या पिलाच्या दोन्ही प्रतींत उतरतो.