शनवार तेल्यांचे ख्रिस्ती पंतोजी

दिवाळीच्या फराळाचे डबे उघडले की पेणची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. चिवड्याला पोहे पेणचे, ताटात पापड पेणचे, आणि महिना-दोन महिन्यांपूर्वी मखरात बसलेले गणपतीही बहुधा पेणचेच. पेणहून दक्षिणेला उतरले की रोहे लागते. कुंडलिकेच्या एका तीराला रोहे आणि समोरच्या तीराला अष्टमी. या गावांवरून पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावे पडली आहेत. ही आडनावे कानी आली म्हणजे ओटीवर झोपाळा असलेले एखादे कोकणी घर आपल्या डोळ्यांपुढे येते. पण यांतले कित्येक पेणकर आणि रोहेकर आज भूमध्य समुद्राकाठी अश्दोदला किंवा नेगेव्हच्या वाळवंटात दिमोनाला राहतात, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका अजून मराठीत कुरकुरतात, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. हे लोक म्हणजे आपले बेने इस्रायल, कुलाब्याचे जुने ज्यू. त्यांच्या पोरांना अक्षरे शिकवायला आलेल्या एका ख्रिस्ती पंतोजीची ही हकिगत आहे.

बेने इस्रायलांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावालाच मूठमाती मिळाली. जगलेल्यांनी या मुलुखाची भाषा उचलली, पेहराव उचलला आणि तेलाचा घाणा धरला. सगळे गाव राबत असताना शनिवारी यांचा घाणा मात्र बंद असे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. अब्राहामाचा आबाजी झाला, मोशेचा मुसाजी झाला, शमुवेलाचा सामाजी झाला. धर्मग्रंथ लाटांबरोबर गेला होता. उरले काय, तर शनिवार पाळणे, सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नेम आणि ‘शमा इस्रायल’ ही एक प्रार्थना. लग्न असो, सुंता असो की मयत असो, हीच प्रार्थना म्हणायची.

सणही त्यांनी मराठी नावांनीच जपले होते. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. दारे लावून कडक उपास करायचा तो ‘दारफाळणीचा सण’. एक ‘खिरीचा सण’, एक ‘होळीचा सण’. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा शोक पाळून बिरडे खायचे, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. त्यांचा जो दिव्यांचा सण आहे, आठ दिवस रोज एकेक दिवा वाढवीत जायचा, तो ‘हनुक्का’ मात्र या लोकांना पुष्कळ काळ ठाऊकच नव्हता. शेजारी दिवाळीच्या पणत्या लागत, पण आपल्याही धर्मात असा एक दीपोत्सव आहे हे सांगणारे कोणी नव्हते.

अशा या समाजाकडे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात ख्रिस्ती मिशनांचे लक्ष गेले. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढायला प्रारंभ केला. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला येऊन राहिले. शाळा काढायची म्हणजे आधी मास्तर हवा, आणि ख्रिस्ती मास्तर आणायचा कोठून? मराठी जाणणारा ख्रिस्ती शिक्षक तेव्हा औषधालाही मिळत नव्हता. म्हणून मिशनांनी गावोगावचे पंतोजीच पगारावर ठेवले. त्यांत ब्राह्मण होते आणि बेने इस्रायलही होते. पंतोजी सकाळी स्नानसंध्या आटोपून यायचे, मुलांकडून दहा आज्ञा घोकून घ्यायचे आणि घरी जाऊन देवाला नैवेद्य दाखवायचे. त्या काळच्या मिशन शाळांचे रूप हे असे होते.

याच सुमारास मायकेल सार्गन हे नाव पुढे येते. सार्गन जन्माने कोचीनचा ज्यू. तो १८१८ साली ख्रिस्ती झाला. ज्यू लोकांत ख्रिस्तधर्माचा प्रसार करण्यासाठी लंडनला एक संस्था निघाली होती. तिच्या मद्रासच्या शाखेने त्याला आधी त्याच्याच जातभाईंमध्ये, कोचीनला, शाळा चालवायला धाडले. पुढे १८२६ च्या सुमारास तो मुंबईला आला, आणि मुंबई व कुलाब्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल मुलांसाठी त्याने हिब्रू शिकवणाऱ्या शाळा काढल्या.

आता या माणसाची अवस्था कशी होती, ते क्षणभर मनात आणून पाहावे. त्याच्या प्रांताची बोली मलयाळम, शिकवायची भाषा हिब्रू, आणि समोर बसलेली पोरे मराठी. मराठी अक्षर डावीकडून उजवीकडे चालते, तर हिब्रू उजवीकडून डावीकडे. धुळाक्षरांत बोट फिरवायची सवय झालेल्या मुलाचे बोट आधी उलटे वळवायचे, मग त्याला ‘आलेफ’, ‘बेथ’ शिकवायचे. पोरांचा पवित्र वार शनिवार, आणि मास्तरांचा रविवार. मुंबईहून यायचे तर मचव्यातून. पेणला अंतोऱ्याच्या बंदराला लागायचे किंवा रोह्याला कुंडलिकेतून आत शिरायचे, तर भरतीची वाट पाहायची. पावसाळ्यात दर्या खवळला की ती वाटही बंद होई. या किनाऱ्यावर त्या काळी जो कोणी शाळा चालवी, त्याच्या वाट्याला हे सगळे येतच असे.

पण खरी अडचण भरती-ओहोटीची नव्हती. ज्यू लोकांची सार्वजनिक प्रार्थना व्हायची तर दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. नऊ जण असले की दहाव्यासाठी माणूस धाडून वाट पाहतात. धर्म सोडून गेलेला माणूस समोर उभा असला तरी त्याला त्या दहांत धरत नाहीत. जी प्रार्थना सार्गन पोरांच्या तोंडी बसवीत होता, त्याच प्रार्थनेच्या वेळी मोजदादीत त्याला जागा नव्हती. त्याची श्रद्धा अशी की, या शास्त्रात ज्याच्या येण्याची वाट पाहिली आहे तो येऊन गेला, तो नासरेथचा येशू. समोरच्या मुलांचे आईबाप म्हणत, तो अजून यायचा आहे. पुस्तक एकच, आणि त्याच्या शेवटच्या पानाविषयीच वाद.

त्यातून तो पगार कोणाचा खात होता? धर्मांतरासाठी निघालेल्या संस्थेचा. मद्रासला आणि लंडनला अहवाल जायचे, त्यांत आकडे हवेत. अशा वेळी मास्तराने काय करावे? पोरांच्या कोवळ्या मनावर दाब आणावा, की त्यांना अक्षरे द्यावी आणि पुढचे त्यांच्या बुद्धीवर सोपवावे? बेने इस्रायलांच्या आठवणीत सार्गन जो राहिला, तो या दुसऱ्या वाटेचा म्हणून. त्याने हिब्रू शिकवले, जुन्या कराराची ओळख करून दिली. बाटवाबाटवीच्या मागे तो लागला नाही, असेच ते लोक सांगत आले. ज्या समाजाला त्याचा राग येण्यास सगळी कारणे होती, त्या समाजाने त्याच्याविषयी कडू शब्द राखून ठेवले नाहीत, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या काळाचे वारे कसे होते हे पाहिले म्हणजे तिचे मोल नीट कळते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, बाणकोट-हर्णैकडे राहून मराठी शिकले आणि पुढे त्यांची शाळा नावारूपाला आली. तिथले दोन पारशी विद्यार्थी १८३९ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा शहरभर हाहाकार उडाला, प्रकरण कोर्टात गेले आणि शाळा रिकामी पडली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून रणे माजली. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देवविले, तर त्यांनाच लोकांचे बोल खावे लागले. बेने इस्रायलांत असा वणवा पेटला नाही. त्यांच्यातले ख्रिस्ती झाले ते अगदी थोडके. पण त्यांनी आपली मुले शाळांतून काढून घेतली नाहीत. हंस जसा पाणी सोडून दूध घेतो, तसे त्यांनी मिशनऱ्यांकडून अक्षर घेतले आणि बाप्तिस्मा तेवढा नम्रपणे परत केला.

अक्षर घेतले, आणि त्याचे पुढे काय झाले? विल्सनसाहेबांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहून छापले. ते प्रामुख्याने याच लोकांच्या उपयोगी पडले. अमेरिकन मिशनने नवा करार १८२६ साली मराठीत छापला होता. जुना करारही १८४७ च्या सुमारास मराठीत पुरा झाला. ज्या समाजाला अब्राहाम आणि मोशे नावापुरते ठाऊक होते, त्याला त्यांच्या कथा आता घरच्या बोलीत वाचायला मिळू लागल्या. मिशनऱ्यांना वाटत होते की जुना करार हा उंबरठा, तो ओलांडून हे लोक आपल्या घरात येतील. पण बेने इस्रायलांना तो उंबरठा ओळखीचा वाटला. ते त्यावर थांबले आणि म्हणाले, अहो, हे तर आमचेच घर!

या जागृतीचे सारे श्रेय ख्रिस्ती पंतोजींना दिले तर अन्याय होईल. कोचीनचे ज्यू शिक्षकही या काळात आले. त्यांतले शेलोमो सालेम शुराबी यांचे नाव बेने इस्रायल फार आदराने घेतात. प्रार्थनेची रीत, सणांचे नेम, राहून गेलेले विधी त्यांनी शिकवले. पलटणीत शिरून सुभेदार-जमादार झालेल्यांच्या गाठीला पैसा आला, त्याचाही हातभार लागला. तरी वाचता येणाऱ्या मुलांशिवाय पोथी मुकीच राहते, आणि ती मुले तयार होण्यास या शाळांपासून सुरुवात झाली हे खरे. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मुंबईत शिळाछापावर निघाली. रेवदंड्याला १८४२ मध्ये प्रार्थनालय झाले, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये आणि पेणला १८६३ मध्ये. रोहे-अष्टमीलाही पुढे झाले. या लोकांच्या प्रार्थनालयाला कोकणात ‘मशीद’ म्हणत. अलिबागेत तर ते जिथे आहे तिला अजून इस्रायल आळीच म्हणतात. सार्गनच्या शाळा निघाल्यापासून एका पिढीत हे सारे उभे राहिले.

आणि मग शिकलेलेच शिकवू लागले. मिशनच्या शाळेत शिकलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबईला डेव्हिड ससून यांच्या शाळेचे हेडमास्तर झाले, आणि त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत उतरवली. अलिबागेत १८३० साली जन्मलेले हाईम सामुएल किहीमकर यांनी आपल्या सोबत्यांसह १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांची शाळा काढली आणि म्हातारपणी समाजाचा इतिहास लिहिला. १८८० नंतर या लोकांनी मराठी कीर्तने रचायला घेतली. टाळ तेच, ओव्या-साक्या त्याच, आख्यान मात्र अब्राहामाचे नाहीतर योसेफाचे. या कीर्तनकारांत एक नाव बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे आहे. कुंडलिकेकाठच्या त्या चिमुकल्या अष्टमीचे नाव असे हिब्रू पुराणाला आणि मराठी साकीला एकत्र चिकटले. आणि हनुक्काचे दिवेही आता घराघरांत लागू लागले होते.

१९४८ साली इस्रायलचे राज्य झाले आणि कोकणातली घरे हळूहळू रिकामी होऊ लागली. तिथे गेल्यावर काही धर्मपीठांनी यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका काढली, लग्नांना अडथळे आणले. या लोकांनी सत्याग्रह मांडला, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्य करावे लागले. ज्यांच्या पूर्वजांनी केवळ एका प्रार्थनेच्या आणि शनिवारच्या बंद घाण्याच्या आधारावर धर्म राखला, त्यांना दाखला मागितला गेला, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

सार्गनचा हिशेब त्याच्या धन्यांच्या वहीत मांडला, तर बाटवलेल्यांच्या रकान्यात फारसे काही भरत नाही. त्या वहीप्रमाणे तो नापास मास्तर. पण मास्तराची परीक्षा कोणत्या वहीत घ्यायची? त्याची श्रद्धा त्याने सोडली नाही. मात्र ती दुसऱ्याच्या पोरावर लादण्याची संधी रोज सकाळी समोर मांडी घालून बसत असता, त्याने त्या पोराला त्याच्याच आजोबांची पोथी वाचायला शिकवले. ती वाचून पोरगा कोणत्या दारातून आत जाईल हे त्याने त्या पोरावर सोडले. आपल्याकडे विद्यादानाला दान म्हणतात ते याचसाठी. दिलेल्या वस्तूचे पुढे काय करावे, ही अट दानाला घालता येत नाही.

पेण, रोहे आणि अष्टमीत बेने इस्रायलांची घरे आता मोजकी उरली आहेत. दहा पुरुष जमवायचे तर गावोगाव निरोप धाडावे लागतात. अशा वेळी नऊ जण जमून दहाव्याची वाट पाहत बसले असले, तर ज्याला कधी त्या दहांत धरले नाही, अशा एका जुन्या पंतोजीची आठवण निदान आपण वाचकांनी तरी करावी.