नावाआधीचे घराणे

गोजू-र्यू हे कराटेचे घराणे आज जगभर पसरले आहे. पण त्याला हे नाव मिळाले तेव्हा त्याच्या आद्य गुरूला जाऊन पंधराएक वर्षे उलटली होती. गाण्याच्या घराण्याला जसे गावाचे नाव पडते, तसे ओकिनावा बेटावर लढण्याच्या या कलेला गावाचेच नाव असे: शुरीचे ते शुरी-ते, नाहा बंदराचे ते नाहा-ते. गोजू-र्यूची कुळी नाहा-तेची.

हिगाओन्ना कानर्यो (1853–1915) हे तिचे मूळपुरुष. घरचा धंदा होडीतून नाहाला जळाऊ लाकूड आणण्याचा. ओकिनावा तेव्हा र्यूक्यू राज्यात होते आणि चीनच्या फूचौ बंदराशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जा होती. तरुण कानर्यो त्याच वाटेने फूचौला गेले आणि एका चिनी गुरूपाशी राहून शिकले. ओकिनावात या गुरूंना र्यू र्यू को म्हणतात. ते नेमके कोण, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही. दरम्यान 1879 मध्ये जपानने र्यूक्यूचे राज्य संपवून तिथे आपला प्रांत केला.

कानर्योंनी परत येताना जे आणले त्यात सर्वांत मोलाचा होता सानचिन नावाचा काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची बांधलेली मालिका. सानचिन बघायला अगदी साधा. एक पाऊल किंचित पुढे, अंगठे आत वळलेले, गुडघे जरा वाकलेले, कंबर खाली दाबून घेतलेली. मोजकी पावले, सावकाश ठोसे आणि बेंबीखालून ओढून, आवाज करत सोडलेला श्वास. अवघड काय ते आतच असते. पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत सगळे अंग आवळलेले हवे आणि तरी श्वास कुठे अडकता कामा नये. शिष्य काता करत असताना गुरू त्याच्या खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारून पाहतात; जिथे अंग ढिले पडले तिथे ते लगेच हाताला कळते. कानर्यो शिष्यांना वर्षानुवर्षे सानचिनच करायला लावत. कंटाळून जाणारे गेले. मला ही कठोरता योग्य वाटते, कारण अशी गोष्ट लिहून पुढच्या पिढीला देता येत नाही. ती एका अंगातून दुसऱ्या अंगातच जाते.

1902 मध्ये चौदा वर्षांचा मियागी चोजुन त्यांच्यापाशी आला. घर सधन, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. सगळे आयुष्य त्याने या कलेत घातले. गुरूंच्या परंपरेचा माग काढत मियागी स्वतःही फूचौला जाऊन आले. पुढे त्यांनी तेनशो हा काता रचला. सानचिनमध्ये मूठ आवळलेली, तेनशोत हात उघडा आणि वळता. सानचिनची कठोरता त्यांनी टाकली नाही, तिला जोड दिली. या घराण्याचे तत्त्वज्ञान मला या दोन कात्यांतच सापडते. वेगळ्या ग्रंथाची त्याला गरज नाही.

नाव मात्र प्रसंगाने पडले. 1930 च्या सुमारास मियागींचे पट्टशिष्य शिंझातो जिनआन तोक्योत प्रात्यक्षिक देत असताना त्यांना विचारले गेले, तुमच्या शाळेचे नाव काय? नाव नव्हतेच. हे कानावर आल्यावर मियागींनी बुबिशी या जुन्या चिनी संग्रहाचा आधार घेतला. ओकिनावाचे गुरू त्याच्या हस्तलिखित नकला जपत आले होते. त्यातल्या एका काव्यात श्वासाच्या येण्याजाण्याला कठोर आणि मृदू म्हटले आहे. त्यावरून गोजू, म्हणजे कठोर-मृदू, हे नाव ठरले. 1933 मध्ये जपानच्या युद्धकलांच्या मध्यवर्ती संस्थेत त्याची नोंद झाली.

मग युद्ध आले. 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत शिंझातो मारले गेले, मियागींची काही मुलेही गेली. ज्याच्या हाती घराणे जायचे तोच उरला नाही. मियागींनी नाहातल्या आपल्या घराच्या अंगणात पुन्हा शिकवणी सुरू केली: दांड्याला दगड जोडलेली चिइशी, बोटांनी काठ धरून उचलायचे मातीचे बुधले, मुठीने ठोकायची माकिवारा फळी, आणि सानचिन. 8 ऑक्टोबर 1953 रोजी ते वारले. त्यांनी हयातीत कोणाला काळ्या पट्ट्याची श्रेणी दिली नव्हती.

मियाझातो एइइची, यागी मेइतोकू, तोगुची सेइकिची या शिष्यांनी आपापले दोजो, म्हणजे तालीमघरे, काढले. जपानच्या मुख्य भूमीवर यामागुची गोगेन यांची शाखा वाढली. खरा वारस कोण, हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्याचा निवाडा वंशावळीच्या तक्त्याने होणार नाही असे माझे मत आहे. गोजू-र्यूची पाटी असलेल्या वर्गात मुलाला घालणार असाल, तर पट्टा किती महिन्यांत मिळेल हे विचारू नका. सानचिन किती काळ करून घेता, आणि तो चालू असताना मुलाच्या अंगाला हात लावून कोण तपासते, एवढेच विचारा.