तातडीचे आवाहन

तातडीचे आवाहन : अटकेत असलेल्या, बेपत्ता केल्या गेलेल्या किंवा फाशीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा जीव वाचावा, त्याचा छळ थांबावा, यासाठी देशोदेशींच्या सामान्य नागरिकांनी संबंधित सत्ताधाऱ्यांना थोड्या दिवसांत शेकडो पत्रे धाडण्याची पद्धत. ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ या संघटनेने ती १९७३ मध्ये सुरू केली. मानवी हक्कांच्या रक्षणासाठी विसाव्या शतकात जी साधने घडली, त्यांत इतके साधे आणि इतके स्वस्त साधन दुसरे नसेल. कागद, पाकीट, तिकीट आणि खाली स्वतःचे खरे नाव, एवढ्यावर ते चालते.

पार्श्वभूमी : २८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाचा ‘विस्मृतीत गेलेले कैदी’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख प्रसिद्ध झाला. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीत दोन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावला म्हणून त्यांना तुरुंगात टाकल्याची बातमी वाचून आपल्याला हे सुचले, असे बेनेन्सन सांगत. लेखात अंगोलाचे कवी आगोस्तिन्यू नेतो, रुमानियाचे तत्त्वज्ञ कॉन्स्टँटिन नॉइका अशा कैद्यांची नावे होती. या लेखाने सुरू झालेली मोहीम एका वर्षापुरती ठरली होती. तिचीच पुढे ‘अ‍ॅम्नेस्टी’ ही कायमची संघटना झाली. सभासदांचा प्रत्येक गट तीन कैदी ‘दत्तक’ घेई : एक पाश्चात्त्य देशांतला, एक साम्यवादी देशांतला, एक तिसऱ्या जगातला. आपल्याच देशातल्या कैद्यासाठी लिहायचे नाही, असाही दंडक होता. त्यामागे निःपक्षपात होता आणि सभासदांची सुरक्षितताही होती.

दत्तक पद्धतीत एकेका कैद्यासाठी वर्षानुवर्षे लिहिले जाई. तिची उणीव मात्र लवकरच जाणवली. छळ बहुधा अटकेनंतरच्या पहिल्या तासांत आणि दिवसांत होतो. तेव्हा घरच्यांना पत्ता नसतो, वकिलाला भेट नसते, पुष्कळदा अटकेची नोंदसुद्धा नसते. माणूस कोठे आहे हेच कोणी कबूल करत नाही, आणि म्हणूनच त्याला मारून टाकणेही सोपे असते. तिथे सावकाश लिहिलेले पत्र पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

पहिले आवाहन : ब्राझीलमध्ये त्या वेळी लष्करी राजवट होती. डिसेंबर १९६८ च्या पाचव्या संस्थात्मक कायद्याने राजकीय गुन्ह्यांपुरता बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे हजर करा असे मागण्याचा हक्कच काढून घेतला होता. १५ फेब्रुवारी १९७३ रोजी लुईझ बासिलिओ रोसी या प्राध्यापकांना पोलिसांनी उचलले. १९ मार्चला त्यांच्यासाठी पहिले तातडीचे आवाहन निघाले. साओ पाउलोच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर परदेशी तिकिटांची पाकिटे येऊन पडू लागली. आपले प्रकरण बाहेर फुटले आहे, आता हे लोक आपल्याला मारू शकणार नाहीत, हे त्या पत्रांमुळे आपल्याला कळले, असे रोसी यांनी पुढे सांगितले. त्यांच्यावरचा दबाव कमी झाला आणि त्याच वर्षी ते सुटले. न्यायालयाचे दार बंद झाले होते तेव्हा टपालाची फट उघडी होती.

त्यानंतर दोन वर्षांनी घडलेली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कामगार पुढारी हुलिओ दे पेन्या वाल्देस यांची हकिगत सभासदांच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ झाली आहे. त्यांना जमिनीखालच्या कोठडीत उघडे ठेवले होते. पहिली दोनशे पत्रे आली, तेव्हा पहारेकऱ्यांनी कपडे परत दिले. आणखी दोनशे आली, तेव्हा तुरुंगाचे अधिकारी स्वतः भेटायला आले. पुढचा गठ्ठा आल्यावर अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना कळवले. पत्रांचा आकडा तीन हजारांवर गेला, गोष्ट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचली, पत्रे तरीही थांबेनात. शेवटी राष्ट्राध्यक्षांनीच तुरुंगात फोन करून याला सोडा म्हणून सांगितले. सुटकेनंतर त्यांनी दे पेन्या यांना बोलावून घेतले, पत्रांनी भरलेली पेटी दाखवली आणि विचारले, की एका कामगार पुढाऱ्याला जगभर इतके मित्र कसे? या हकिगतीतले कपडे महत्त्वाचे आहेत. सुटका दूरची असते. पण कोणीतरी पाहते आहे एवढे कळल्याबरोबर पहारेकऱ्याचा हात आवरतो, हे त्या परत मिळालेल्या कपड्यांतून दिसते.

पत्राची रीत : आवाहनाचा मजकूर साधारण एका पानात मावतो. कैद्याचे पूर्ण नाव, वय, काय घडले, कोणता धोका आहे, काय मागायचे, कोणाला लिहायचे, त्या अधिकाऱ्याला संबोधन कोणते वापरायचे आणि कोणत्या तारखेच्या आत पत्र पोहोचले पाहिजे, एवढे त्यात असते. पत्र छोटे असावे, भाषा सभ्य असावी, त्या देशाच्या राज्यपद्धतीवर किंवा धर्मावर टीका नसावी, लिहिणाऱ्याने आपला व्यवसाय सांगितला तर बरे, अशी शिकवण असते. ज्या माणसाच्या हुकमाने कोणाचे तरी हाल चालले आहेत, त्याला ‘महोदय’ म्हणून लिहिणे जड जाते. पण राग काढण्यासाठी हे पत्र नसतेच. वाचणाऱ्याला माघार घेण्यासाठी वाट मोकळी ठेवणे हा त्या सभ्यतेचा हेतू आहे. अपमान करून कोणाकडून दया मिळत नाही. पत्र त्या देशाच्या भाषेत किंवा स्वतःच्या भाषेत लिहावे, अशी सूचना पुष्कळ आवाहनांत असते. म्हणजे मराठीत लिहिलेले पत्रही तिथे चालते. न समजणाऱ्या लिपीतले पाकीट आले, की इतक्या लांबच्या लोकांना हे नाव ठाऊक आहे, एवढा अर्थ तर पोहोचतोच. प्रत त्या देशाच्या वकिलातीला पाठवतात. पूर्वी तार, मग टेलेक्स आणि फॅक्स, आता ई-मेल, अशी साधने बदलत गेली.

मर्यादा आणि वाद : ज्याने हिंसेचा वापर किंवा पुरस्कार केलेला नाही, त्यालाच ‘सदसद्विवेकबुद्धीचा कैदी’ म्हणायचे, ही संघटनेची व्याख्या. नेल्सन मंडेला यांना १९६४ मध्ये हे नाव नाकारण्यात आले, आणि त्यावर दीर्घ वाद झाला. मात्र छळ आणि फाशी यांच्या बाबतीत ही अट लावली जात नाही. कैद्याने काहीही केलेले असो, त्याचे हाल करू नयेत, हीच भूमिका. हा भेद कळायला मराठी वाचकाला मोहन रानडे आठवावेत. गोवामुक्तीच्या सशस्त्र लढ्यातले रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी ते लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगातच होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. वरील व्याख्येत ते बसले नसते. त्यांच्यासाठी संगीतकार सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात मोहीम उभारली आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी पोपना विनंती केली. दूरच्या तुरुंगातल्या माणसाचे नाव इकडे सतत घेत राहायचे, हे काम या मातीतल्या माणसांनीही केले आहे, आणि त्याची नोंद इथे असायलाच हवी.

पत्रांना यश येतेच असे नाही. नायजेरियातील लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ सहकारी यांच्यासाठी जगभरातून विनवण्या झाल्या. १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्या सर्वांना फाशी देण्यात आली. त्याच देशात मोझेस अकातुग्बा याला वयाच्या सोळाव्या वर्षी, २००५ मध्ये, पकडून पुढे फाशीची शिक्षा सुनावली होती. त्याच्यासाठी आठ लाखांवर पत्रे व सह्या जमल्या आणि मे २०१५ मध्ये डेल्टा राज्याच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली. एकाच साधनाला एकाच देशात अशी दोन फळे आली. पत्रांमुळेच अमुक झाले, हे बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही; सुटलेल्या कैद्यांची साक्ष हाच त्यातल्या त्यात भक्कम पुरावा.

प्रसार : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने १९८० मध्ये बेपत्ता व्यक्तींविषयी कार्यगट नेमला. तो सरकारांकडे तातडीने विचारणा करतो. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदकही अशीच आवाहने पाठवतात. सरकारांनी हे मानावे याचा पाया म्हणजे १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तो बदलून ‘सर्व मानव’ असा करायला लावला तो हंसा मेहता यांनी. त्या मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. पोलंडमध्ये २००१ पासून या जाहीरनाम्याच्या दिवसाच्या, १० डिसेंबरच्या, सुमारास लोक एकत्र बसून पत्रे लिहू लागले, आणि तो प्रघात अनेक देशांत पसरला. त्यात एक पत्र अधिकाऱ्याला आणि एक कैद्याला किंवा त्याच्या घरच्यांना असते.

प्रत्येक आवाहन शेवटी बंद करावे लागते. सभासदांना एक छोटे टिपण येते : काय घडले ते दोन ओळींत, आणि खाली, यापुढे पत्रे पाठवण्याची आवश्यकता नाही. कैदी सुटला तरी ती ओळ तीच असते, आणि फाशी गेला तरीही तीच.