गुडघ्याची गादी फाटली. शस्त्रक्रिया हवीच का?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. एक सांध्याच्या आतल्या बाजूला, दुसरी बाहेरच्या. वैद्यकीय भाषेत त्यांना मेनिस्कस म्हणतात. चालताना, जिना उतरताना येणारा भार सर्वत्र वाटून देणे आणि हाडांवरील कूर्चेचे रक्षण करणे हे त्यांचे काम. या गादीच्या केवळ बाहेरच्या कडेला पुरेसा रक्तपुरवठा असतो. त्यामुळे कडेची चीर भरून येऊ शकते. आतल्या भागातील चीर सहसा भरून येत नाही.

दुखापत दोन प्रकारची

पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा वाकून पिळला गेला, तर निरोगी गादीही फाटते. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल या खेळांत हे वारंवार घडते आणि अनेकदा सोबत अस्थिबंधही तुटतो. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला. त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध आणि मेनिस्कस या दोहोंना इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोतील जागतिक स्पर्धा हुकली.

दुसरा प्रकार झिजेचा. चाळिशीनंतर गादी हळूहळू विरते आणि किरकोळ कारणानेही तिला चीर पडते. उकिडवे बसून खुरपणी करणे, मांडी घालून बसल्यावर झटक्यात उठणे किंवा कळसूबाईसारख्या शिखरावरून उतरणे एवढेही निमित्त पुरते. दोन्ही प्रकारांत सांध्याच्या रेषेवर दुखते, सूज हळूहळू, बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते आणि पूर्ण खाली बसता येत नाही. उपचार मात्र दोहोंचे वेगळे आहेत.

अहवालातील ‘टिअर’

एमआरआयच्या अहवालात ‘टिअर’ हा शब्द दिसला की घरात धास्ती पसरते. येथे थोडे थांबावे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वयोगटातील ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले. ज्यांच्या गादीला चीर होती, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात कोणताही त्रास नव्हता. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंडमधील २०१३ च्या अभ्यासात झिजेची चीर असलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची फाटलेली गादी दुर्बिणीतून काढली, तर काहींवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. नॉर्वेत २०१६ मध्ये शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची तुलना झाली. दोन वर्षांनंतर दोन्हींचा लाभ सारखाच दिसला. म्हणून झिजेच्या दुखण्यात आधी दोन ते तीन महिने नियमित व्यायाम, हाच आज मान्य असलेला मार्ग आहे.

याला अपवाद आहेत. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. उकिडवे बसून उठताना गुडघ्यामागे ‘कट्’ असा आवाज येऊन तीव्र कळ आली, तर गादीचे मूळच सुटलेले असण्याची शक्यता असते. तरुण खेळाडूची ताजी चीर शिवता येते का, हेही लवकर तपासावे. अडकलेला गुडघा जोराने ओढून किंवा चोळून ‘बसवून’ घेणे धोक्याचे आहे.

व्यायामाचे टप्पे

पहिल्या काही दिवसांत विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे आणि पाय उंच ठेवणे एवढे करावे. दुखणारा गुडघा स्थिर ठेवला की मांडीचे स्नायू झपाट्याने बारीक होतात. म्हणून वेदना आवाक्यात येताच व्यायाम सुरू करावा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, मांडी आवळून पाच सेकंद धरावी. पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. टाच अंथरुणावर सरकवत गुडघा हळूहळू वाकवावा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा.

सूज ओसरल्यावर भिंतीला पाठ टेकून थोडे खाली बसणे, पायरीवर चढउतार, नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळणे हे पुढचे टप्पे. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली, तर प्रमाण कमी करावे. शेकण्याच्या यंत्राने तात्पुरता आराम मिळतो, स्नायूंना बळ मात्र व्यायामानेच येते.

शस्त्रक्रियेनंतर

गादीचा फाटलेला भाग काढला असेल, तर सहसा लगेच पायावर भार देता येतो आणि चार ते सहा आठवड्यांत बहुतेक कामे सुरू होतात. गादी शिवली असेल, तर धीर धरावा लागतो. साधारण चार ते सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवत नाहीत, सुमारे चार महिने उकिडवे बसणे टाळतात आणि खेळाकडे परतायला सहा महिने लागतात. वाट दीर्घ असली तरी गादी वाचते. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे झीज वाढते, हे फेअरबँक या शल्यविशारदाने १९४८ मध्येच दाखवून दिले होते. आपली गादी काढली की शिवली, हे रुग्णाने शल्यविशारदाला विचारून फिजिओथेरपिस्टला सांगितलेच पाहिजे.

जिल्ह्यातील सोय

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेत आणि नगरजवळील विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. अकोले किंवा जामखेडहून रोज तेथे येणे शक्य नसते. त्याची गरजही नाही. नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्यावेत, ते घरी रोज करावेत आणि दोन-तीन आठवड्यांनी दाखवून पुढचा टप्पा घ्यावा. दुखणे कमी होताच व्यायाम सोडणे ही नेहमीची चूक. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाइतकी होईपर्यंत तो चालू ठेवावा.