गोतसभा ते ग्रामसभा : गावातील उपद्रव कोणी आवरायचा?

१/ नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या परिसरात मौदा लागते. आज येथे नगरपंचायत आहे, तर तालुक्यातील खेड्यांत ग्रामपंचायती. दारूड्यांचा धिंगाणा, बांधावरून मारामारी, शेजाऱ्याला धमक्या असा उपद्रव गावानेच आवरावा की सरकारने? हा वाद फार जुना आहे.

२/ मराठेशाहीत हे काम गोतसभेचे होते. पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत. वादी-प्रतिवादी निर्णय मानण्याचा 'राजीनामा' आधीच लिहून देत. निवाड्याचा कागद म्हणजे 'महजर'. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. दोषी ठरलेला 'गुन्हेगारी' भरे, तर जिंकलेला 'हरकी'.

३/ या व्यवस्थेचे बळ ओळखीत होते, कारण साक्षीदार, पंच आणि आरोपी एकाच पाणवठ्याचे. तिची उणीवही तीच. शब्दाचे वजन वतन आणि जात पाहून ठरे. वाळीत टाकणे ही सर्वांत कठोर शिक्षांपैकी एक होती.

४/ १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. न्याय कचेरीत गेला आणि गावापासून दुरावला. पुढे मध्यप्रांताच्या १९२० च्या ग्रामपंचायत कायद्याने किरकोळ तंट्यांचा काही अधिकार पुन्हा गावाकडे आणला.

५/ १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा कायदा झाला, तर १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपवली. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखालचा पोलीसपाटील हा वतनदार नसून सरकारने नेमलेला माणूस आहे.

६/ १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा गृहखाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. ग्रामसभेने समिती निवडायची, तंट्यांची नोंद ठेवायची, सामोपचार घडवायचा. तंटामुक्त ठरलेल्या गावाला रोख पारितोषिक मिळे. गंभीर गुन्हे मात्र तडजोडीच्या कक्षेबाहेरच राहिले.

७/ गोतसभेत ज्यांना स्थान नव्हते, त्या स्त्रियांच्या हाती २००८ च्या आदेशाने मोठे हत्यार दिले. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिला, की परवान्याचे दारूदुकानही बंद करावे लागते.

८/ ३ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने इतिहासाचे वर्तुळ उलटे फिरवले. वाळीत टाकणे हाच आता गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. एके काळी जी शिक्षा होती, तीच आज उपद्रव ठरली.

९/ म्हणून 'गावाने निकाल दिला' असे ऐकाल, तेव्हा एक विचारा : त्या गावात कोण कोण मोजले गेले होते? शांतता दोन प्रकारची असते. एक समेटाची, दुसरी दडपणाची. महजरावरच्या निशाण्या वाचताना जे पाहायचे, तेच ग्रामसभेच्या ठरावाखालच्या सह्या वाचतानाही पाहावे.