पाहणारा कोण, दाखवणारा कोण? : केबलपासून स्ट्रीमिंग बॉक्सपर्यंत

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरची केबल बंद झाली. मुलीने टीव्हीच्या मागे खोचायचं एक काडेपेटीएवढं यंत्र आणून दिलं, वायफायचा पासवर्ड घातला, आणि केबलवाल्याला मीच फोन करून सांगितलं की बाबा रे, पुढच्या महिन्यापासून पैसे घ्यायला येऊ नकोस. तीस वर्षं आमच्याकडे त्यांची तार होती. आधी वडील यायचे, मग मुलगा. जरा वाईट वाटलं. पण महिन्याचे पैसे वाचणार होते आणि जे हवं ते हवं तेव्हा पाहता येणार होतं.

महिनाभर झकास चाललं. आमच्या सौभाग्यवतींनी एक मराठी नाटक यादीत ‘नंतर पाहू’ म्हणून जपून ठेवलं होतं. त्यांची बहीण गावाहून येणार होती, तिच्याबरोबर पाहायचं ठरलं होतं. बहीण आली, चहा झाला, टीव्ही लावला, तर नाटक यादीत नाही. मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘बाबा, त्यांचा करार संपला असेल, काढून टाकलं असेल.’’ सौ. काही बोलल्या नाहीत. उठल्या, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक व्हिडिओ कॅसेट काढली आणि माझ्यापुढे धरली. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर दूरदर्शनवरून उतरवून घेतलेलं नाटक होतं ते, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. म्हणाल्या, ‘‘अहो, हे बघा. हे अजून आपल्याकडे आहे.’’

आता व्हीसीआर कुठे आहे, असं मी म्हणू शकलो असतो. कॅसेटला बुरशीही आली होती. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि एवढं कळतं की हा युक्तिवाद माझ्या युक्तिवादापेक्षा भारी आहे. ‘आपल्याकडे आहे’ म्हणजे काय? मी वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की टीव्हीशी जोडलेल्या प्रत्येक डब्याचा इतिहास हा एकाच भांडणाचा इतिहास आहे. हा डबा पाहणाऱ्याच्या बाजूचा की दाखवणाऱ्याच्या? पाणिनीने कर्ता ठरवताना स्वातंत्र्याची कसोटी लावली. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. मग टीव्हीसमोर बसून बटण दाबणारा मी कर्ता आहे का? हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. अमेरिकेच्या आणि आपल्या न्यायालयांनी यावर वर्षानुवर्षं डोकं घासलं आहे.

सुरुवात 1940च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या डोंगराळ भागातल्या दरीतल्या गावांना टीव्ही दिसतच नव्हता. लहरी डोंगरावर अडायच्या. मग एखाद्या टीव्ही विकणाऱ्या दुकानदाराने डोंगरमाथ्यावर मोठा अँटेना उभारला आणि तिथून तार ओढून गावात घरोघर दिली. दुकानदाराला टीव्ही खपवायचे होते, इतकी साधी गोष्ट. ही केबल टीव्हीची जन्मकथा. केबल म्हणजे त्या काळी वेगळे चॅनल नव्हेत. केबल म्हणजे उंचावर लावलेला, सगळ्या गावाचा मिळून एक अँटेना.

पण जे सिनेमे टीव्ही केंद्रांना विकलेले होते, ते हे तारवाले फुकट पुढे पाठवत होते. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्कस्बर्ग आणि फेअरमाँट या दोन गावांतल्या केबलवर युनायटेड आर्टिस्ट्सने खटला भरला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो तारवाल्यांच्या बाजूने. तर्क मोठा सुंदर आहे. प्रसारण करणारा दाखवतो, प्रेक्षक पाहतो. आणि केबल ही प्रेक्षकाच्या अँटेनाची लांबवलेली भुजा आहे, म्हणून ती पाहणाऱ्याच्या बाजूची. संसदेला, म्हणजे तिथल्या काँग्रेसला, हे फार काळ पटलं नाही. 1976च्या कॉपीराइट कायद्याने केबलला उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं. पुढे पाठवणं म्हणजे दाखवणंच, मोबदला द्या. मात्र परवानगी मागत बसायला नको, ठरलेला दर भरला की झालं.

बघा, आठ वर्षांत तीच तार पाहणाऱ्याकडून दाखवणाऱ्याकडे गेली. तारेत काही बदललं नव्हतं.

त्याच सुमारास दुसरा डबा आला. सोनीचा बेटामॅक्स, 1975. त्याने कार्यक्रम उतरवून घेता यायचा आणि सवडीने पाहता यायचा. युनिव्हर्सल आणि डिस्ने लगेच कोर्टात गेले. सिनेनिर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी 1982 मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे या यंत्राची तुलना एकट्या बाईच्या घरात शिरणाऱ्या गळा आवळणाऱ्या खुन्याशी केली! उलट बाजूने साक्ष दिली ती मुलांच्या कार्यक्रमांचे लाडके फ्रेड रॉजर्स यांनी. आमचा कार्यक्रम घरच्यांनी उतरवून घेऊन सोईच्या वेळी एकत्र पाहिला तर माझी हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि निकालपत्रात त्याची दखल आहे. 17 जानेवारी 1984 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. घरी पुढे पाहण्यासाठी उतरवून घेणं हा गुन्हा नाही. एक न्यायमूर्ती पलीकडे झुकले असते तर गोष्ट वेगळीच झाली असती. आमच्या सौ.ची कॅसेट त्याच सुमाराच्या जगातली आहे. हातात धरता येणारी वस्तू, कपाटात ठेवता येणारी.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972ला. 1980च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या इमारतींमध्ये एक नवाच धंदा उभा राहिला. एका खोलीत एक व्हीसीआर, आणि तिथून गच्चीवरून, खिडक्यांतून, झाडांवरून सगळ्या बिऱ्हाडांना तार. संध्याकाळी एक सिनेमा, रात्री एक. अमेरिकेत केबल अँटेनातून जन्मली. आपल्याकडे ती व्हीसीआरच्या पोटी जन्मली. आपला केबलवाला पहिल्या दिवसापासून काहीतरी लावून दाखवणारा माणूस होता. म्हणून ते भांडण आपल्याकडे लवकर निकालात निघालं. 1989 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक हा खटला आला. केबलवाल्यांचं म्हणणं असं की प्रत्येकजण आपापल्या घरात, आपल्या कुटुंबासह पाहतो, यात जाहीर काय आहे? न्यायालय म्हणालं, घरं खासगी असतील, पण अशी पुष्कळ घरं जोडली की तो जनसमूहच. तुम्ही जनतेला दाखवता आहात. हा निकाल लक्षात ठेवा, थोड्या वेळाने अमेरिकेत त्याची गाठ पडणार आहे.

मग जानेवारी 1991चं आखाती युद्ध, सीएनएन, स्टार, ऑक्टोबर 1992 मध्ये झी. ही गोष्ट आपण सगळे जगलो आहोत, तिच्यात मी वेळ घालवत नाही. पण एक निकाल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1993च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला आणि 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या पीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ना सरकारची ना धनिकाची, हे त्या निकालाचं सार. लहरी मर्यादित आहेत, त्या लोकांच्या आहेत, म्हणून लोकांना विविध मतं ऐकायचा हक्क आहे. पाहणाऱ्याच्या बाजूने इतकं भक्कम विधान आपल्या देशात दुसरं मला माहीत नाही.

पण त्याचा पाया बघा कशावर आहे. लहरींवर.

आता तो काडेपेटीएवढा डबा. 2007च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याबरोबर इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली. तो टीव्हीवर पाहण्यासाठी त्यांनी आपल्याच कंपनीत एक डबा तयार करून घेतला. काम पाहत होते अँथनी वुड. ऐन वेळी नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी विचार बदलला. आपणच डबा विकला तर इतर यंत्रवाले आपल्याला जवळ करणार नाहीत. म्हणून तो प्रकल्प वुड यांच्या रोकू या कंपनीकडे गेला आणि मे 2008 मध्ये शंभर डॉलरच्या आतबाहेर बाजारात आला. रोकू म्हणजे जपानीत सहा. वुड यांची ही सहावी कंपनी. सुरुवातीला त्यावर नेटफ्लिक्स सोडून काही दिसत नसे. ॲपलचा डबा त्याआधी वर्षभर आला होता, पण स्टीव्ह जॉब्स स्वतःच त्याला छंद म्हणायचे. पुढे 2013 मध्ये 35 डॉलरचं क्रोमकास्ट आलं आणि मग गर्दीच झाली. महागड्या केबलच्या गठ्ठ्यातून सुटायला अमेरिकेतल्या लोकांनी हे डबे हौसेने घेतले. न पाहिलेल्या शंभर चॅनलचे पैसे कोण भरणार? राग खरा होता.

मला नवल याचं वाटलं की या डब्यावरून आधीसारखं महाभारत झालं नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. हा डबा हवेतून काही पकडत नाही आणि पोटात काही साठवून ठेवत नाही. प्रत्येक वेळी तो मालकाच्या दारात जाऊन विचारतो, आत येऊ का? मालक हो म्हणाला तर चित्र दिसतं. भांडायला जागाच उरली नाही, कारण पाहणाऱ्याच्या हातात भांडण्याजोगं काही राहिलं नाही.

ज्यांनी हातात काही ठेवायचा प्रयत्न केला, त्यांचं काय झालं तेही ऐका. 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिओ नावाची कंपनी आली. नाण्याएवढे हजारो अँटेना एका इमारतीत लावले. ग्राहकाने कार्यक्रम मागितला की त्याच्या नावाचा एक अँटेना चालू होणार, त्याची वेगळी प्रत होणार, आणि ती इंटरनेटवरून त्याच्या डब्यात येणार. म्हणजे बेटामॅक्स आणि डोंगरावरचा अँटेना यांचं लग्नच लावलं त्यांनी! वकिलांचं म्हणणं असं की अँटेना ग्राहकाचा, प्रत ग्राहकाची, बटण दाबणारा ग्राहक; आम्ही फक्त जागा भाड्याने दिली. 25 जून 2014 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. तुम्ही केबलसारखेच आहात, म्हणून तुम्हीच दाखवता, आणि तेही जनतेला. मुंबई उच्च न्यायालय पंचवीस वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर उभं होतं. वेगळं मत देणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा मुद्दा मात्र पाणिनीच्या जवळचा आहे. काय पाहायचं हे ठरवतो ग्राहक, मग कर्ता कंपनी कशी? वर्ष संपायच्या आत एरिओने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आणखी एक डबा आहे, तो मला मनापासून आवडतो. 2002 मध्ये काही हौशी मंडळींनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रात आपलं सॉफ्टवेअर घालून त्याचा घरचा सिनेमाडबा केला. त्याचंच नाव 2014 पासून कोडी. तुमच्या फाइली, तुमची डिस्क, तुमचा टीव्ही. कुणाला विचारायला जायचं नाही. पण फुकट्यांनी त्यात चोरीच्या सिनेमांचे दुवे भरून डबे विकले, आणि 2017च्या एप्रिलमध्ये युरोपीय न्यायालयाने असा भरलेला डबा विकणं म्हणजे जनतेला दाखवणंच, असं ठरवलं. निकाल योग्यच होता असं मला वाटतं. त्यात सरळ वापरणाऱ्यांची बदनामी झाली, हे वाईट.

आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत आली, तुम्हाला आठवत असेल. शंभर चॅनलचे 130 रुपये, करासह 153 रुपये 40 पैसे, आणि पैसे भरायचे चॅनल ज्याने त्याने निवडायचे. केबलवाल्याने छापील यादी दिली होती, आम्ही दोघं पेन घेऊन टेबलाशी बसलो होतो, जणू परीक्षेचा पेपर. वैतागलो होतो तेव्हा. पण निदान दर ठरवणारा कुणी होता, आणि त्याला लोकांपुढे खुलासा द्यावा लागत होता. अमेरिकेतला माणूस तार कापतो तेव्हा शंभर डॉलरच्या डब्याशेजारी तीसेक डॉलरचा अँटेना लावतो. बातम्या आणि सामने हवेतून फुकट येतात. आपल्याकडे त्याची जागा दूरदर्शनच्या फ्री डिशने घेतली आहे, 2004 पासून. महिन्याचं भाडं नाही. शहरातले लोक तिला गरिबांची छत्री समजतात. माझ्या मते 1995च्या त्या निकालाचा जो काही अंश गच्चीवर उभा आहे, तो तिच्यात आहे. इंटरनेटच्या तारेतून येणाऱ्या कार्यक्रमाला सार्वजनिक लहरींचा युक्तिवाद लागू होत नाही. तिथे पाहणाऱ्याचा हक्क कशावर उभा करायचा, हे काम नव्या कायदेपंडितांचं, आणि थोडं आमच्या विषयाच्या लोकांचंही.

मी केबलवाल्याला परत बोलावलेलं नाही. डबा सोयीचा आहे, रात्री झोप लागत नाही तेव्हा फार उपयोगी पडतो. मात्र डिशच्या छत्रीसाठी सोसायटीकडे अर्ज केला आहे. सेक्रेटरी म्हणतात, गच्चीवर जागा नाही. आणि ती कॅसेट मी एका जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे दिली. बुरशी साफ करून जमेल तेवढं उतरवून देतो म्हणाला. निम्मं नाटक तरी येईल. कशावर देऊ, त्याने विचारलं. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर दे. तो पेनड्राइव्ह या काडेपेटीला लागतो की नाही, ते अजून मुलीला विचारायचं आहे.

थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.